एकशेतीन खांब

दुबई, २ नोव्हेंबर

ती. बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. फोनवर त्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचा विषय काढला की ते "बरं बरं" म्हणून फोन तुझ्या हातात देतात, म्हणून लिहायला बसलेय.

बाबा, गुरुवारी रात्री आमच्या टॉवरच्या गच्चीवरचा लाल दिवा गेला. उंच इमारत विमानाला दिसावी म्हणून माथ्यावर असे दिवे असतात, ते बंद ठेवून चालत नाही. ड्युटी माझी होती. बरोबर आमचा नेपाळी टेक्निशियन. सप्लाय बंद केला, टेस्टर लावून पाहिला, मगच हात घातला. तुम्ही लावलेली सवय. दिव्याच्या काचेवर धूळ बसली होती, चाळलेल्या कणकेसारखी मऊ. एकदा फडकं फिरवलं तर ते पार पिवळं झालं. नवा दिवा बसवला, लाईट आली, आणि मग मी मान वर करून सभोवार बघितलं.

समोरच बुर्ज खलिफा. ८२८ मीटर उंच, १६३ मजले. हे आकडे तुम्ही पेपरात वाचले असतील, पण मी आपल्या हिशेबानं सांगते. तुम्ही जन्मभर चढलात तो आठ मीटरचा विजेचा खांब घ्या. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा असे १०३ खांब एकावर एक रचले तरी टोक चार मीटर वर उरतं. एवढ्या उंचीवर सूर्यही उशिरा मावळतो. म्हणून रमजानात तिथल्या ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटं आणि १५० व्या मजल्याच्या वरच्यांनी तीन मिनिटं थांबून रोजा सोडावा, असं इथल्या मुफ्तींनी सांगितलंय. आई, एकाच इमारतीत तिन्हीसांजा तीनदा होतात बघ.

खाली शेख झायेद रोडवरून गाड्यांची रांग वाहत होती. बाजूनं मेट्रो गेली. तिला ड्रायव्हर नसतो, पुढच्या काचेपाशी लहान मुलं उभी असतात. पण त्या रात्री मी बराच वेळ बघत राहिले ते दुसऱ्याच कारणानं. हवेत धूळ होती. सगळ्या दिव्यांभोवती गोल कडं, चंद्राला पडतं तसं. रंग एकमेकांत मिसळलेले, खिडक्या कुठल्या आणि रस्त्यावरचे दिवे कुठले ते कळेना. बघता बघता आठवलं, गणपतीत तुम्ही ओटीवर बसून म्हणालात, "हल्ली बल्बाला खळं पडतं गं." मला ते एक रात्र दिसलं, सकाळी धूळ खाली बसली. तुम्हाला ते रोज दिसतं.

आणि आई सांगते, ऑपरेशनची तारीख तुम्ही दोनदा पुढे ढकललीत. "दिसतंय तेवढं पुरे," म्हणालात म्हणे.

बाबा, पुरे नाही. तुम्ही मुसळधार पावसात, रात्री दोन वाजता, कंबरेला पट्टा बांधून खांबावर चढायचात, ते लोकांना दिसावं म्हणूनच ना? आपल्या वाडीत पहिला दिवा लागला तेव्हा तार ओढणारे तुम्हीच होतात. इथे रोज तुमची आठवण येते, कारण हे सगळं गाव तुमच्या खात्याचं आहे. या शहरात वीज आली १९६१ साली. कोयनेची पहिली वीज, पोफळीच्या वीजघरातली, १९६२ ची. म्हणजे पोफळी आणि दुबई जवळपास एका वयाची, आणि तुम्ही तेव्हा जेमतेम बिगरी-पहिलीत. तेव्हा इथे खाडीकाठची घरं, बंदरातला व्यापार, आणि चलन कुठलं, तर रुपया! तेल सापडलं ते १९६६ मध्ये.

एक गोष्ट तुम्हाला फार आवडेल. पोफळीला आपण पाण्यापासून वीज करतो. इथे जेबेल अलीला गॅस जाळून वीज करतात आणि त्याच आवारात समुद्राचं खारं पाणी गोडं करतात. मी सकाळी चहाला आधण ठेवते ते पाणीही असं वीजघराच्या शेजारून आलेलं असतं.

काम आटोपून खाली आलो तेव्हा टेक्निशियनची बस उभी होती. तो राहतो त्या कामगारांच्या वस्तीला सोनापूर म्हणतात. आत्याच्या मुंबईत सोनापूर म्हणजे स्मशान, त्यामुळे पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा मी चरकलेच होते. एका खोलीत सहाजण राहतात म्हणाला. उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला इथे बंदी आहे, एरवी तो दिवसभर तापलेल्या गच्चीवर. तुम्ही आलात की त्याला जेवायला बोलवायचंय. तुमचं आणि त्याचं छान जमेल.

तर ठरवा. डॉक्टर म्हणालेत ना, मोतीबिंदू पिकलाय, आता थांबायचं कारण नाही. या महिन्यात एक डोळा, पुढच्या महिन्यात दुसरा. आई, थेंब वेळेवर घालणं तुझ्याकडे. जानेवारीत इथे हवा आपल्या मार्गशीर्षासारखी असते, एक शाल पुरते. बुर्जवर नेईनच, पण आधी खाडीवर. तिथे 'अब्रा' नावाची लाकडी होडी इथल्या एका दिरहममध्ये पलीकडे देइऱ्याला सोडते. फळीवर बसायचं, कठडा असा नाहीच, पाणी हातभर खाली. दोन्ही काठांचे दिवे त्यात हलत असतात. आपल्या दाभोळच्या तरीची आठवण येईल तुम्हाला.

पासपोर्ट कपाटात वरच्या कप्प्यात, आईच्या पैठणीखाली आहेत. ऑपरेशनची तारीख पक्की झाली की लगेच कळवा, मी तिकिटं काढते. रात्रीचंच विमान बघते, आणि बाबांना खिडकीची जागा.

तुमची,
छोटी