ओंकारच्या पसंतीक्रमाविषयी

पुणे,
५ जुलै २०२५

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांनी परवा फोनवर विचारलेल्या प्रश्नाला घाईघाईत उत्तर देणे मला बरे वाटले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. दादाच्या ओंकारला अभियांत्रिकीच्या सीईटीत चांगले गुण मिळाले आहेत आणि त्याला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शाखेतच घालायचे असे दादाने ठरवून टाकले आहे. बाबांना मात्र अशी शंका आहे की, यंत्रच जर प्रोग्रॅम लिहू लागले असेल, तर पोराने चार वर्षे आणि एवढी फी घालून शिकायचे तरी काय. शंका रास्त आहे, पण माझे मत बाबा आणि दादा या दोघांहून थोडे निराळे आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा आम्हा नव्या मुलांच्या वाट्याला सुरुवातीला फुटकळ कामे येत असत: दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या किरकोळ चुका काढणे, चाचण्या घेणे, ग्राहकांच्या तक्रारी वाचून त्या योग्य माणसाकडे पोहोचवणे. कंपनीला त्यातून फारसे मिळत नसे, पण ती कामे करता करताच आम्ही तयार झालो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि त्यानंतर नेमकी हीच कामे हळूहळू यंत्राकडे जाऊ लागली. अनुभवी माणसाची गरज संपलेली नाही. ज्या कामांतून अनुभव मिळत होता ती कामे आटली आहेत, आणि खरी अडचण मला इथे दिसते. पूर्वी जे आम्हाला नोकरीत लागल्यावर शिकायला मिळाले, ते आता मुलाने कॉलेजातच शिकून यावे अशी अपेक्षा असते.

आम्ही मुलाखतीत काय विचारतो ते सांगते, म्हणजे मुद्दा लक्षात येईल. उमेदवाराला आम्ही एआयने लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम देतो आणि त्यात मुद्दाम एक चूक ठेवतो. मागच्या वेळी १ फेब्रुवारी २०२४ रोजी ठेवलेल्या एक लाख रुपयांवर १ मार्चपर्यंतचे, वार्षिक दहा टक्के दराने आणि वर्ष ३६५ दिवसांचे धरून, सरळ व्याज काढायचे होते. प्रोग्रॅमने महिना तीस दिवसांचा धरून ८२१ रुपये ९२ पैसे उत्तर दिले. प्रत्यक्षात लीप वर्ष असल्यामुळे दिवस एकोणतीस होतात आणि व्याज ७९४ रुपये ५२ पैसे येते. बहुतेक मुलांनी प्रोग्रॅम चालवला, उत्तर आले, आणि ते बरोबर आहे असे सांगून मोकळी झाली. एका मुलीने कागद मागून घेतला आणि आधी दिवस मोजले. तिची शाखा संगणकाची नव्हती, विद्युत अभियांत्रिकीची होती. आम्ही तिला घेतले.

बाबा, तुमच्या बँकेच्या शाखेत संगणक आले तेव्हा तुम्ही कित्येक महिने खतावणीची बेरीज हातानेही करून ताळा घेत होतात आणि बाकीचा स्टाफ तुम्हाला हसत असे. आता पगार त्या ताळ्याचा मिळणार आहे. यंत्राच्या उत्तरावर विसंबून चालणारी माणसे पुष्कळ मिळतील. ते उत्तर तपासून खाली स्वतःची सही करू शकणारी थोडीच असतील.

म्हणून शाखेच्या नावावर दादाने फार जीव टाकू नये असे मला वाटते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या महाविद्यालयांसाठी एका शाखेतील जागांची कमाल मर्यादा काढून टाकली, आणि त्यानंतर अनेक ठिकाणी संगणक व एआयच्या तुकड्या वाढल्या. तुकड्या एका कागदावर वाढवता येतात, शिकवणारे माणूस तसे मिळत नाही. दादाने कॉलेजची इमारत आणि ‘पॅकेज’चे फलक पाहण्याऐवजी गणित, संख्याशास्त्र आणि डेटाबेस कोण शिकवते, प्रयोगशाळेत मुले स्वतः काम करतात की जर्नल उतरवून काढतात, आणि शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट बाहेरून विकत आणले जातात का, एवढे तिथल्याच तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे. ती खरे सांगतात.

वहिनीने ओंकारला एआय वापरायची बंदी केली आहे असे कळले. ती उठवावी, पण एक शिस्त लावावी: आधी स्वतः सोडवायचे, मग यंत्राला विचारायचे, आणि दोन्ही उत्तरांत फरक का पडला ते वहीत लिहायचे. शिवाय सुट्टीत त्याने दादाबरोबर साखर कारखान्यावर जाऊन वजनकाट्यापासून उसाच्या बिलापर्यंतचा हिशेब कसा चालतो ते समजून घेतले तर फार बरे होईल. मला हे कोणत्याही ऑनलाइन सर्टिफिकेटपेक्षा मोलाचे वाटते, कारण कामाचे खाचखळगे माहीत असलेल्यालाच यंत्राचे उत्तर कुठे फसते ते कळते.

आई, तू शेजारच्या बी.कॉम.च्या मुलीविषयी विचारले होतेस. तिला नव्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण असेल. ओळखीच्या दुकानातून नुसता शिक्का आणू नकोस, एखाद्या सीएच्या ऑफिसात खरोखर बस, एवढे तिला माझ्यातर्फे सांग.

पसंतीक्रम भरायला अजून थोडे दिवस आहेत. ओंकारने स्वतः यादी करून मला रविवारी पाठवावी. दादाने ती करून देऊ नये. आणि मॅनेजमेंट कोट्यासाठी कुणी आगाऊ पैसे मागत असेल, तर माझ्याशी बोलल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका असे बाबांनी दादाला बजावावे. तुमचे तो ऐकेल.

आपली,
वैशाली