मैदानाचे कुलूप पहाटे उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या २१ जूनला आमच्या महाविद्यालयात योग दिन झाला. सातला सतरंज्या अंथरल्या, ताडासन झाले, फोटो निघाले आणि आठला मैदानाच्या फाटकाला पुन्हा कुलूप लागले.

मी तिथेच लिपिक आहे. परीक्षा अर्जांच्या दिवसांत रात्री आठपर्यंत खुर्ची सुटत नाही. दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. हे दीडशे मिनिटे होतात. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना किमान तेवढेच सांगते.

पण चालायचे कधी? एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. हाताशी उरते ती पहाट, नाहीतर दिवेलागणीनंतरची वेळ, आणि नेमके तेव्हाच मैदान बंद. उघडे असते ते भर उन्हात, तेव्हा तिथे मोटारसायकली लागलेल्या असतात. विद्यार्थ्यांची जिमखाना फी मात्र प्रवेशाबरोबरच घेतली जाते. ती पावती मीच फाडतो, त्यामुळे कुणी विचारले तर मान वर करवत नाही.

मुले आळशी आहेत, हे मला पटत नाही. सिद्धेश्वर यात्रेआधी हीच पोरे रात्री-रात्री नंदीध्वज पेलण्याचा सराव करतात. ती उंच काठी तोलायला कंबर, खांदे, पाय सगळेच घट्ट लागते. त्यासाठी कुणी परिपत्रक काढलेले नसते!

आम्हाला मात्र परिपत्रकाशिवाय हलता येत नाही. आपल्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाचे कार्यक्षेत्र एकाच जिल्ह्याचे. केगावच्या विद्यापीठ कार्यालयातून एक कागद निघाला तर सांगोल्यापासून अक्कलकोटपर्यंत पोचेल. महाविद्यालयांची मैदाने पहाटे साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी आठपर्यंत विद्यार्थी व कर्मचाऱ्यांना खुली ठेवावीत, एवढाच मजकूर पुरे. संध्याकाळी दिवे हवेतच. आमच्या ऑफिसातल्या बायका अंधारात हायवेच्या कडेने चालायला धजत नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे.

रखवालदाराला त्रास होईल, असे मला वरून सांगण्यात आले. म्हणून त्यालाच विचारले. तो म्हणाला, "सायेब, मी पाचलाच उठतो. किल्ली माझ्याकडंच हाय. लेखी तेवढं द्या."

— एक लिपिक, सोलापूर