मास्टरजी, बटणाची आधी पाठ बघायला तुम्ही शिकवलंत

आदरणीय मास्टरजी,
स. न. वि. वि.

कामठीला तुमच्या दुकानात येऊन आभार मानले असते तर "छोडो ना भाऊ" म्हणत तुम्ही शिलाई मशीन सुरू केली असती. म्हणून हे जाहीर पत्र. नागपुरात जुनी फौजी बटणं जमवणारे माझ्यासारखे आणखीही आहेत, त्यांच्याही कामी येईल.

आजोबांच्या डबीतली बटणं आणि एका विक्रेत्याने "1857 च्या वेळचा" म्हणून दाखवायला दिलेला संच, दोन्ही मी तुमच्यापुढे ओतले. "पहले पीठ दिखाओ," तुम्ही म्हणालात. जुन्याच ठशातून आज बटण काढलं तर पुढून ते हुबेहूब दिसणारच. ठसा जुना, पत्रा तेवढा नवा. पाठीवर मात्र कारखान्याचं नाव, गाव आणि कडी बसवण्याची पद्धत त्या त्या काळाची असते. संचातल्या बटणांची पाठ कोरी होती आणि सगळ्यांच्या कड्या एकसारख्या चकचकीत.

मग भिंगाखाली संचातल्या बटणांवर अक्षरांभोवती बारीक पुरळ दाखवलंत. पडून राहिलेल्या ठशाला गंज चढतो, त्यात खड्डे पडतात आणि तेच बटणावर उंचवटे होऊन उमटतात. ओतीव नकलेत उलट असतं, तिथे सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. आजोबांच्या बटणांवर मुकुट ब्रासोने घासून गुळगुळीत झालाय, पण खाचांमधली रेघ अजून धारदार आहे. नव्यांत सगळंच सारखं बोथट.

मुकुटाचं तर मला माहीतच नव्हतं. गोल कमानीचा मुकुट इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड गादीवर आल्यावरचा, म्हणजे 1901 नंतरचा. तो 1857 च्या बटणावर येणार कुठून? आणि कमान मधे दबलेली दिसली की लगेच व्हिक्टोरिया म्हणू नये, दुसऱ्या एलिझाबेथच्या काळात तशीच कमान परत आली. आपल्याकडे 1950 नंतर मुकुट गेला, सिंह आले.

सगळ्यात आवडलं ते शिंप्यालाच सुचेल असं. खाकी ड्रिलच्या कोटाला बटणं शिवून टाकत नसत. कडी काजातून आत घ्यायची, मागून रिंग अडकवायची, म्हणजे धोब्याकडे कपडे देताना बटणं काढून ठेवता येतात. ती रिंग घासून घासून कडीच्या आत खाच पडते. आजोबांच्या बटणांत ती खाच नखाला लागते!

संच परत केला. त्यातली दोन मात्र नव्या पितळेच्या भावात मागून घेतली, शेजारी ठेवून बघायला बरी. विक्रेत्याचं तोंड उतरलं होतं, पण दिली बिचाऱ्याने.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा तुम्हीच पाजलात. तुमच्या भिंगाला तडा गेलाय, म्हणून नवं घेऊन ठेवलंय. शनिवारी आणून देतो. नाही म्हणायचं नाही.

आपला,
इतवारीचा बटणवाला