खाण्याचा इसेन्स छातीत जातोय, साहेब

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य

विषय: घरी तयार होणारं फळांच्या फ्लेवरचं व्हेप लिक्विड

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

नागपुरात सरबतं आणि संत्रा बर्फी करून विकण्याचा माझा धंदा आहे. इसेन्सशी रोजचा संबंध. हल्ली कॉलेजची पोट्टी येतात ती सरबत मागत नाहीत, इसेन्सची बाटली मागतात. लिची, आंबा, कच्ची कैरी. "काकू, यात तेल तर नाही ना? पीजीमधलाच आहे ना?" असं नेमकं विचारतात, तेव्हाच कळतं की केक करायचा नाही. होस्टेलच्या खोलीत व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, लिक्विड मिसळायचं आहे. मी देत नाही. पण ऑनलाइन मागवलं तर विचारणारं कोण?

पीजी म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल. त्यात ग्लिसरीन आणि इसेन्स घालतात, कुणी निकोटीनही. "काकू, खायला चालते तर ओढायला काय होते?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. खाल्लेला इसेन्स पोटात जातो, यकृत त्याची विल्हेवाट लावतं. फुप्फुसाकडे तशी सोय नाही. बाटलीवरचा एफएसएसएआयचा परवाना खाण्यापुरताच असतो; व्हेपमधल्या तापलेल्या तारेवर, कॉइलवर, त्याच मालाचं काय होतं, हे त्यासाठी कुणी तपासत नाही. लोण्यासारखा वास देणारं डायअॅसिटिल घ्या. 2000 साली अमेरिकेत मिझुरीमधल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातले कामगार त्याची वाफ हुंगून आजारी पडले. त्यांच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या कायमच्या आकसल्या.

मला त्याहून जास्त भीती पीजीची वाटते. 2025 चा ऑक्टोबर नागपूरकर विसरलेले नाहीत. छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याचं औषध पिऊन, मूत्रपिंडं निकामी होऊन आपल्या दवाखान्यांत आली, आणि त्यांतली कित्येक घरी परतली नाहीत. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, 48.6 टक्के. हलक्या प्रतीच्या पीजीतून येणारं विष ते हेच. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले, तेव्हा ते ग्लिसरीनमध्ये होतं. 2009 मध्ये अमेरिकेच्या एफडीएला ते ई-सिगारेटच्या एका कार्ट्रिजमध्येही सापडलं. परवाना असलेला औषध कारखाना जिथे चुकला, तिथे अठरा वर्षांच्या पोराला कॅनमधलं चांगलं-वाईट कसं कळावं? दोन्ही रंगहीन, दोन्ही गोडसर.

ई-सिगारेट बंदीचा केंद्राचा कायदा 2019 पासून आहे. विक्री केली तर पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्यातली व्याख्या उपकरणाची आहे. पीजी, ग्लिसरीन, इसेन्स सुटेसुटे घेतले तर बंदी नाही. ती घालाही नका, आमच्या चुली त्यावरच पेटतात.

माझं मागणं एवढंच, की ग्रेड आणि उत्पादकाचं नाव छापल्याशिवाय पीजी-ग्लिसरीन किरकोळीत विकलं जाऊ नये, ऑनलाइनसुद्धा. इसेन्सच्या बाटलीवर मराठीत, डोळ्यांना दिसेल अशा अक्षरांत लिहायला लावा: फक्त खाद्यपदार्थांसाठी, वाफ ओढू नये. इतवारीतल्या दुकानदारांना आपल्या अधिकाऱ्यांनी एकदा बसवून हे समजावलं तर निम्मेअधिक ऐकतील, मी त्यांना ओळखते. आणि पोरांच्या मागे पोलीस लावू नका. घाबरली की लपून करतील. होस्टेलच्या भिंतींवर 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत नंबर लावा.

डिसेंबरात अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल. तेव्हा एखादा अधिकारी माझ्याकडे पाठवा. कोणत्या बाटलीवर काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, ते मी समोर मांडून दाखवते.

आपली,
नागपूरची एक सरबतवाली