सासूबाईंना निर्दोष सोडणाऱ्या वायरमनकाकांस

वायरमनकाका,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचे नाही असे तुम्ही बजावले आहे, तेव्हा लिहीत नाही. आपल्या गोव्यातल्या फोंड्यात ज्यांनी ओळखायचे ते ओळखतीलच. आभार मानायला फोन केला, तर तुम्ही ‘बरें, बरें’ म्हणून ठेवून दिलात. मग म्हटले, चारचौघांतच लिहावे, म्हणजे मधेच फोन ठेवता येणार नाही.

गीझरच्या कामाचे पैसे तुम्ही घेतलेत, तो हिशेब मिटला. त्यानंतर सोप्यावर आमच्या आईंसमोर जे बसलात त्याचे पैसे घेतले नाहीत. ते देणे राहिले आहे, म्हणून हे पत्र.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. आमचा गीझर 25 लिटरचा, 2000 वॅटचा. एरवी अर्ध्या तासात पाणी तापते, लाल दिवा विझतो, सगळे आपापल्या आंघोळीला लागतात. श्रावणात तो दिवा विझेचना. टाकीत खदखद ऐकू येई, जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या नळीतून कढत पाणी ठिबकत राही. आणि एका सकाळी आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, न्हाणीतला नळ सोडला तर पाण्याच्या जागी वाफेचा फवाराच सुटला. ऐंशी ओलांडलेली बाई, पण वेळेवर मागे सरली म्हणून निभावले. नुसते 60 अंशांचे पाणीसुद्धा म्हाताऱ्या कातडीला काही सेकंदांत भाजते. इथे तर उकळी फुटली होती.

यजमान बोटीवर, इंजिनरूममध्ये. म्हणजे घरात बॉयलर जाणणारा माणूस आहे, पण तो समुद्रात. त्यांनी फोनवरून पहिल्यांदा मेन बंद करायला लावला आणि म्हणाले, कोणाला तरी बोलव. बोलावले की! पण आलेल्यांची तऱ्हा ऐका.

एकजण दारातच उभा राहिला. टाकीचे झाकणही उघडले नाही. आईंकडे बघून मला म्हणाला, “आजीने नॉब फुल केला असणार. म्हाताऱ्या माणसांना कशाला हात लावायला देता?” आई समोर बसलेल्या. त्यांना कमी ऐकू येते, पण हे नेमके ऐकू गेले. दुसऱ्याने बोअरच्या पाण्याला दोष दिला आणि नवा गीझर स्वस्तात आणून देतो म्हणाला. आमच्याकडे ओपाच्या सरकारी प्रकल्पाचे नळाचे पाणी येते हो, बोअर अख्ख्या वाड्यात कोणाची नाही! आणि या दोघांच्या आधी, उन्हाळ्यात, कंपनीचा म्हणून जो आला होता, त्याची कथा पुढे येईल.

त्या ‘आजीने नॉब फुल केला’ने आमच्या घरात काय झाले, ते तुम्हाला तेव्हा सांगितले नव्हते. आईंनी कुठल्याच बटणाला हात लावायचे सोडले. पंखा लावायचा तरी नातीला हाक मारायच्या. संध्याकाळी काळोख पडला तरी सोप्यावर तशाच बसून राहायच्या, दिवा कोणीतरी येऊन लावेपर्यंत. भर पावसात थंड पाण्याने आंघोळ करू लागल्या. मी गॅसवर पाणी तापवून दिले तर म्हणत, माझ्यासाठी आणखी खर्च नको. खोकला धरला. “आमचे भाण बरे होते,” हे पालुपद. न्हाणीतले ते तांब्याचे भाण, खाली चुडतां आणि सोडणां, म्हणजे माडाच्या झावळ्या आणि नारळाची सोडणे, पेटवायची. साठ वर्षे त्यांनी अख्ख्या घराच्या आंघोळीचे पाणी त्यावर तापवले, कोणाला कधी चटका बसू दिला नाही. आणि एका पोराने दारात उभे राहून त्यांना घरातला धोका ठरवून टाकले.

तुम्ही आलात ते भजनी सप्ताहाच्या रोषणाईचे काम अर्धे टाकून. खिशात बल्बांचे होल्डर तसेच. आल्या आल्या घरातले बाकीचे सगळे बंद करायला लावून फक्त गीझर चालू केलात आणि मीटरवरच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्याकडे बघत उभे राहिलात. वाट बघितलीत! पाणी चांगले कढेपर्यंत बघितलीत, मग मेन बंद करून झाकण काढलेत. पाणी एवढे तापलेले असताना थर्मोस्टॅटने, म्हणजे ठरल्या उष्णतेला वीज तोडणाऱ्या पुर्ज्याने, मधला रस्ता तोडलेला असायला हवा. तुमच्या हातातले मीटर मात्र ‘पीं’ करून वाजले. पुढचे मला फारसे कळले नाही, कळायची गरजही नाही. पण झाकणाच्या आत एक बोटभर वायरचा तुकडा तुम्ही मला दाखवलात, तेव्हा तुमचा आवाज पहिल्यांदा चढला.

तीच ती उन्हाळ्यातली कथा. तेव्हा गीझर पुन्हा पुन्हा आपोआप बंद पडायचा. पाणी प्रमाणाबाहेर तापले की लाइन तोडणारा कटआउट आपले काम इमाने करत होता. थर्मोस्टॅट अडकू लागला आहे, हे तो केव्हापासून ओरडून सांगत होता म्हणा ना. कंपनीच्या माणसाने थर्मोस्टॅट बघितला नाही. त्या कटआउटलाच वायर जोडून त्याचे तोंड बंद केले. “डायरेक्ट करून दिलाय, आता ट्रिप होणार नाही.” खरेच झाला नाही! यजमानांना फोनवर सांगितले तर ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, बोटीवर बॉयलरच्या सेफ्टीला कोणी असे केले तर त्याला पुढच्या बंदरात उतरवतील. आमच्या बाजूने शाबूत राहिला होता तो फक्त व्हॉल्व्ह. त्या सेवाकेंद्रात मी फोन केला. वॉरंटी संपली आहे, असे उत्तर मिळाले.

आता जे सांगायचे आहे ते.

नवा थर्मोस्टॅट बसला, नवा कटआउट बसला, लाल दिवा वेळेवर विझला. तुम्हाला देवळात परत जायची घाई होती, तिथून दोनदा फोन येऊन गेला होता. मी पैसे आणायला आत गेले आणि बोलता बोलता म्हणून गेले की आईंना वाटते, त्यांच्यामुळेच बिघडला. बाहेर येते तर तुम्ही हात धुऊन, पँटला पुसून, आईंच्या खुर्चीपुढे उकिडवे बसलेले. जुना थर्मोस्टॅट तुम्ही त्यांच्या तळहातावर ठेवलात. त्याचे डोके उघडून, मोबाइलची बत्ती धरून, मुगाएवढे ते दोन काळे ठिपके दाखवलेत, एकमेकांना घट्ट चिकटलेले. रोज आठ-नऊ अँपिअरचा भार, उघडझाप होताना दर वेळी ठिणगी, असे होता होता एके दिवशी ते वितळून चिकटतात, हे तुम्ही त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, सावकाश सांगितलेत. “आजी, तुमची कांयच चूक ना. हें पळयात, हें चिकटलां.”

आईंनी विचारले, “पण मी नॉब फिरवला असेन तर?”

इथे दुसऱ्या कोणी ‘नाही हो आजी, तुम्ही कशाला फिरवाल’ म्हणून समजूत घातली असती. तुम्ही म्हणालात, फिरवला असलात तरी काही बिघडत नाही. नॉब फुल केला तरी पाणी ठरलेल्या जागी थांबायलाच हवे, त्यासाठीच तर हे यंत्र बसवलेले असते. नॉब फिरवायलाच दिलेला आहे, आजी, फिरवा. मग त्यांना हात धरून न्हाणीपर्यंत नेलेत आणि गीझरचे बटण त्यांच्याच बोटाने दाबायला लावलेत.

आईंच्या डोळ्यांत पाणी होते की नाही ते मी बघितले नाही, कारण माझ्याच होते.

त्या दिवसापासून घरातले सगळे दिवे त्या लावतात. शेजारणी आल्या की थर्मोस्टॅट म्हणजे काय यावर व्याख्यान होते. तो जुना तुकडा त्यांनी मागून घेतला आहे, पुरावा म्हणून. खोकलाही गेला.

काका, तुमच्यासारखी माणसे या गोव्यात आहेत म्हणून आमची घरे चालतात. पहिल्या वादळात माड तारांवर आडवा होतो तेव्हा मध्यरात्री भिजत खांबावर चढणारे वीज खात्याचे लाइनमन असोत, की झाकण उघडून बघितल्याशिवाय तोंड न उघडणारा मेस्त, म्हणजे कारागीर. बिघाड सापडेना तर ‘मला समजत नाही, दुसऱ्याला बोलवा’ म्हणणारासुद्धा मला चालेल, त्याला मी चहा देईन. घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाकडे बोट दाखवून निघून जाणाऱ्याला देणार नाही. आणि ‘डायरेक्ट करून देतो’ असे यापुढे आमच्या घरात कोणी म्हणाला, तर त्याची गाठ आईंशी आहे.

चतुर्थीला यायचेच आहे. माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळापानांच्या मांडवीला, यंदा दिव्यांची माळ लावायची असे नात म्हणते आहे, पण त्यासाठी आल्या आल्या शिडीवर चढू नका. आधी बसा. नेवऱ्या आई स्वतः करणार आहेत, आणि तुम्हाला डबा दिल्याशिवाय त्या सोडणार नाहीत. घरच्यांनाही घेऊन या. न्हाणीतला एक्झॉस्ट फॅन जरा घरघरतो आहे. तो चतुर्थीनंतर, सवडीने.

तुमची,
गीझरवाली वहिनी