हशा झेलणारी

प्रिय सखे,

तुझं पत्र मंगळवारी आलं आणि तेव्हापासून मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडते आहे. “पुन्हा शेजारीणच. तीन एन्ट्र्या, सतरा वाक्यं. पंचवीस वर्षं हौशी नाटकं करून माझ्या वाट्याला वाटी घेऊन साखर मागायला येणं एवढंच असेल, तर आता बास.” हे तू रागाने लिहिलंस, की तालमीहून दमून आल्यावर, ते मला कळलं नाही. पण वहीतली सतरा वाक्यं तू मोजलीस, याचं मला फार वाईट वाटलं. वाक्यं कधी मोजायची नाहीत, हे मला तूच शिकवलं होतंस.

उत्तर लगेच लिहिलं नाही, कारण मला आधी आपल्या सिनेमातल्या शुभा खोटेंना पुन्हा पडद्यावर बघायचं होतं. तीन रात्री तेच केलं. हे पत्र त्यांच्याबद्दलच आहे. तुझ्या शेजारणीकडे मी शेवटी येते, धीर धर.

शुभाताईंचा जन्म 1937 चा. वडील नंदू खोटे नाटकातले आणि मूकपटांतले, दुर्गाबाई खोटे नात्याने काकू. अशा घरातली मुलगी थेट नायिका म्हणून उभी राहिली असती, तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण ही मुलगी आली ती मैदानावरून. पोहणं आणि सायकलिंग या दोन्हींत तिने राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली होती. अमिय चक्रवर्तींच्या ‘सीमा’मध्ये पडद्यावर आली, ते साल 1955, वय अठरा. मला ही सायकल फार महत्त्वाची वाटते. त्या काळच्या कितीतरी नट्यांचं शरीर कॅमेऱ्यासमोर आखडून जातं, हातांचं काय करायचं ते त्यांना उमगत नाही. शुभाताईंचं तसं होत नाही. त्या धावतात, वळतात, दचकतात, धपकन बसतात, आणि प्रत्येक वेळी तोल कुठे आहे ते शरीराला ठाऊक असतं. विनोदाला आधी तोल लागतो, शब्द मागून येतात. तू हे तालमीत नव्या मुलांना सांगतेस, मी ऐकलंय.

‘सीमा’त नायिका नूतन. 1957 च्या ‘पेइंग गेस्ट’मध्ये नूतन. 1959 च्या ‘अनाड़ी’तही नूतन. म्हणजे पहिल्या पाच वर्षांत तीनदा ही मुलगी आपल्याकडच्या अत्यंत समर्थ अभिनेत्रीच्या शेजारी उभी राहिली. ‘सीमा’साठी नूतनला फिल्मफेअर मिळालं. तिच्यासमोर काय करणार कुणी? एक तर झाकोळून जायचं, नाहीतर लक्ष वेधायला ओरडायचं. शुभाताईंनी दोन्ही केलं नाही. ‘पेइंग गेस्ट’मधली त्यांची चंचल नावाची बाई बघ. पैशासाठी वयस्कर वकिलाशी लग्न करते आणि मग मैत्रिणीच्याच नवऱ्यावर डोळा ठेवते. त्यात हसण्यासारखं काहीच नाही आणि अवघ्या विशीतल्या मुलीने ते अजिबात न लाजता केलं आहे. पुढे त्यांच्यावर विनोदी नटीचा शिक्का बसला, त्यामुळे ही चंचल लोक विसरले. मला ती फार आवडते.

‘अनाड़ी’त त्या मोलकरीण आहेत, आशा नावाची. मालकीण आरती नायकासमोर आपणच मोलकरीण असल्याचं भासवते, त्यामुळे खऱ्या मोलकरणीला मालकीण व्हावं लागतं. विचार कर, हे करायचं कसं? हुकूम तर सोडायचा, पण जिला सोडायचा तीच आपला पगार देते. म्हणजे आवाज मालकिणीचा आणि डोळे नोकराणीचे, एकाच वेळी. हे कुठल्या वाक्यात लिहिता येत नाही. लेखकाने कागदावर फक्त परिस्थिती दिलेली असते, उरलेलं सगळं नटीने डोळ्यांनी भरायचं.

आणि मग मेहमूद. ‘छोटी बहन’, ‘ससुराल’, ‘दिल तेरा दीवाना’, ‘हमराही’, ‘ज़िद्दी’, ‘लव्ह इन टोकियो’. 1959 ते 1966 या सात वर्षांत ही जोडी जमली आणि बहुतेक ठिकाणी तिसरे आपले विनोदी नट धुमाळ, कधी तिचे वडील होऊन, कधी आणखी कुणी. आपल्या लहानपणी दूरदर्शनच्या छायागीतात यांच्यापैकी कुणाचं गाणं लागलं की स्वयंपाकघरातून आई बाहेर यायची. मोठ्या नायकांच्या गाण्यांना ती यायची नाही. तेव्हा मला वाटायचं, ती मेहमूदसाठी येते. आता वाटतं, ती त्या मुलीसाठी येत असावी. विचारायचं राहून गेलं.

मेहमूद काय होता ते तुला सांगायला नको. तो वादळ होता. वेषांतर करणार, आवाज बदलणार, ‘लव्ह इन टोकियो’त तर चक्क गेशा होणार. अशा माणसासमोर उभं राहणं हे काम किती अवघड आहे, हे मला या तीन रात्रींत कळलं. पहिल्या रात्री मी नेहमीसारखी त्याच्याकडे बघत होते. दुसऱ्या रात्री ठरवलं की त्याच्याकडे बघायचंच नाही, फक्त तिच्याकडे बघायचं. आणि मला जे दिसलं त्यासाठी हे सगळं पत्र आहे.

ती हशा झेलते. त्याने काहीतरी अचाट केलं की क्षणभर ती थांबते. त्या क्षणात ती खरोखर ऐकते, खरोखर तिला पटत नाही, आणि मग तिच्या चेहऱ्यावर राग आणि हसू यांची जी झटापट होते, तिथे आपण हसतो. त्याच्या वाक्यावर आपण हसलो असं आपल्याला वाटतं, पण हसायची परवानगी आपल्याला तिने दिलेली असते. ती त्या क्षणी भाबडी राहिली नसती, तिने प्रेक्षकांकडे एक डोळा ठेवला असता, तर मेहमूदचा सगळा धुमाकूळ नुसता गोंगाट झाला असता. चेंडू कितीही जोरात फेका, पलीकडे झेलणारं कुणी नसेल तर तो भिंतीवरच आपटणार.

आणखी एक गोष्ट मी यापूर्वी कधी ध्यानात घेतली नव्हती. या विनोदी जोडीला मिळालेली गाणी आठव. ‘ससुराल’मधलं ‘अपनी उल्फ़त पे ज़माने का न ये पहरा होता’, मुकेश आणि लता. ‘हमराही’मधलं ‘वो दिन याद करो’, लता आणि रफी. संगीत दोन्हींचं शंकर-जयकिशनचं. ही टिंगलीची गाणी नाहीत गं. कुठल्याही नायक-नायिकेला दिली असती तरी शोभली असती इतकी हळवी आहेत. दिग्दर्शकांना आणि संगीतकारांना खात्री होती की ही मुलगी दहा मिनिटांपूर्वी आपल्याला हसवत होती, तरी आता तिच्या प्रेमावर आपला विश्वास बसेल. विनोदी पात्राला मन असतं, हे तिने गृहीत धरलं होतं, म्हणून आपणही धरलं.

हे सगळ्यांच्या नशिबी नव्हतं. उमादेवी आठव. 1947 च्या ‘दर्द’मध्ये संगीतकार नौशादांकडे ‘अफ़साना लिख रही हूँ’ गायलेली ती गायिका. 1950 च्या ‘बाबुल’पासून ती पडद्यावर आली, टुनटुन झाली, आणि पुढची कितीतरी वर्षं ती दारातून आत आली की लोक हसायला लागायचे. तिने तोंड उघडण्याआधीच. तिचं टायमिंग पक्कं होतं, आवाज तर काय विचारूच नको, पण लेखकांनी तिच्या देहापलीकडे फार कमी लिहिलं. तो गळा आणि ते काम शेजारी ठेवून बघितलं की मला अजून दुखतं. शुभाताईंना निदान प्रेमात पडायला, बापाशी भांडायला, रुसायला जागा मिळाली, आणि मिळालेली जागा त्यांनी इंचभरही वाया घालवली नाही.

मानसन्मानाचं म्हणशील, तर 1962 च्या फिल्मफेअरला सहाय्यक अभिनेत्रीच्या तीन नामांकनांपैकी दोन एकट्या शुभा खोटेंची होती, ‘घराना’ आणि ‘ससुराल’. पुरस्कार तिसऱ्या नामांकनाला गेला, ‘छाया’साठी निरूपा रॉय यांना. निरूपाबाईंबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, त्या मोठ्याच. पण रडवणाऱ्या आईसमोर हसवणारी मुलगी नेहमी हरते, हे तेव्हाही तसंच होतं. विनोदी भूमिकेचा वेगळा पुरस्कार 1967 मध्ये सुरू झाला, पहिला मेहमूदला, ‘प्यार किये जा’साठी. त्यानंतरची यादी काढून वाच. बहुतेक पुरुषांचीच नावं आहेत. जणू घरात, गल्लीत, चाळीत आपल्याला बायकांनी कधी हसवलंच नाही.

तुझ्या पत्रात एक वाक्य होतं, “वय झालं की असलं काम तरी कोण देणार.” इथे मात्र मी तुझ्याशी मुळीच सहमत नाही. साठच्या दशकात पोस्टरवर मोठ्या अक्षरांत झळकलेल्या नायिकांपैकी किती जणींचं काम पुढे तीस वर्षं चाललं ते मोज. शुभाताई तोवर कुठून कुठे गेल्या बघ. मराठीत ‘चिमुकला पाहुणा’ हा चित्रपट त्यांनी स्वतः काढला, दिग्दर्शनही केलं. 1981 मध्ये बालचंदर यांच्या ‘एक दूजे के लिए’त त्या सपनाची आई झाल्या. ती आई आठवते? सपनाच्या प्रियकराचा, वासूचा फोटो जळतो आणि मुलगी त्याची राख चहात कालवून आईच्या डोळ्यांदेखत पिते. तिथे शुभाताईंचा चेहरा बघ. ज्या चेहऱ्याने वीस वर्षं हसू झेललं, तोच चेहरा आता पोटच्या मुलीची घृणा झेलतो. तंत्र तेच आहे. समोरच्याचं पूर्ण येऊ द्यायचं, मध्ये यायचं नाही, आणि मग आपल्यावर काय उमटलं ते दिसू द्यायचं. आपण हसतो की थरारतो, हे समोरून काय येतं त्यावर ठरतं.

आणि 1993 ची ‘ज़बान संभाल के’! तुझ्या हॉस्टेलवरच्या त्या छोट्या टीव्हीवर आपण दाटीवाटीने बसून बघायचो. पंकज कपूर हिंदीचे मास्तर आणि शुभाताई संस्थेच्या प्राचार्या, मिस दीक्षित. वर्गात धाकटे भाऊ विजू खोटे विठ्ठल बापूराव पोटे होऊन बसलेले, मुलगी भावनाही त्याच मालिकेत. ‘शोले’तला कालिया झालेले विजू आणि ‘ससुराल’मधली मेहमूदची जोडीदार एका वर्गात, हे तेव्हा आपल्या लक्षातही आलं नव्हतं. दरवाजा उघडून त्या नुसत्या उभ्या राहायच्या आणि वर्ग गप्प व्हायचा. त्या गप्प होण्यावर आपण हसायचो. ‘सीमा’ला तेव्हा अडतीस वर्षं झाली होती.

आता तुझी शेजारीण.

कॉलेजच्या नाटकात मी विंगेत प्रॉम्प्टिंगला होते, हे तुला आठवत असेल. तिथेही तू शेजारीणच होतीस. पहिल्या प्रयोगात नायक म्हणाला, “घरात साखर नाही,” आणि तू काहीच बोलली नाहीस. तू हातातल्या वाटीकडे पाहिलंस, मग टेबलावरच्या चहाच्या कपांकडे पाहिलंस, मग पुन्हा वाटीकडे. सगळं सभागृह फुटलं. माझ्या वहीत त्या जागी मी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘हशा, मोठा.’ दुसऱ्या प्रयोगाआधी दिग्दर्शकांनी तुला सांगितलं, नुसती उभी राहू नकोस, काहीतरी कर, वाटी आपट. तू वाटी आपटलीस. वहीत त्या प्रयोगाच्या पुढे काही लिहिलेलं नाही. तिसऱ्या प्रयोगाला तू त्यांचं न ऐकता पुन्हा नुसतं पाहिलंस, आणि मी पुन्हा लिहिलं, ‘हशा, मोठा.’ ती वही अजून माझ्याकडे आहे. काल काढून बघितली. वाक्य नायकाचं होतं. नायकाचं काम कुणी केलं होतं ते मला आज आठवत नाही.

हे मी तुझी समजूत काढायला लिहीत नाही. तुला मोठी भूमिका मिळायला हवी होती, पुष्कळदा हवी होती, आणि मिळाली नाही हा अन्याय आहे. तो मी अन्यायच म्हणेन. पण त्या रागात तू शेजारणीला हलकं म्हणालीस, ते मला सहन होत नाही.

एक कर. ‘वो दिन याद करो’ लाव आणि आवाज बंद कर. फक्त तिच्याकडे बघ. तो गात असताना ती काय करते ते बघ. मग तालमीची वही घे. तुझी दुसरी एन्ट्री, जिथे सासू बोलत राहते आणि तुला एकही वाक्य नाही, तिथे तू कुणाकडे बघणार आहेस ते मला लिहून पाठव. स्पर्धेच्या प्राथमिक फेरीच्या आदल्या दिवशी मी येतेच आहे. येताना ती जुनी वही आणि पेन्सिल घेऊन येते. या वेळी विंगेत नाही, प्रेक्षकांत बसेन.

तुझीच,
तुझी प्रॉम्प्टर