इंजेक्शन इथे, अँजिओप्लास्टी तिथे: हृदयविकार निधीसाठी आवाहन

सर्व सभासद, देणगीदार आणि हितचिंतक यांस सप्रेम नमस्कार.

आपल्या हृदयविकार निधीत फारसे काही उरलेले नाही आणि कपाटातल्या गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनांची मुदतही संपत आली आहे. म्हणून घाईने हे पत्र.

आधी, ज्यांच्या जोरावर हा निधी उभा राहिला त्यांची आठवण. पहिले ईसीजी यंत्र आपल्या बाईंनी निवृत्तीच्या पैशांतून दिले. कोणत्या बाई ते सांगायला नको, निम्मे सभासद त्यांच्याच हाताखाली शिकले. रुग्णवाहिका दोघा भावांनी वडिलांच्या स्मरणार्थ दिली. गाडीवर नाव घालायचे नाही, ही त्यांची एकमेव अट. (आजही घातलेले नाही.) आमचे चालक रात्री-अपरात्री एका फोनवर निघतात. ईसीजी काढून तो मोबाइलवर हृदयरोगतज्ज्ञांना पाठवायचे काम कंपाउंडर शिकले आणि आता तेच नव्या मुलांना शिकवतात. हे सारे मानधनाशिवाय. अशी माणसे लाभलेल्या संस्था थोड्याच असतील, हे अभिमानाने लिहितो.

वार्षिक सभेत प्रश्न आला होता: अँजिओप्लास्टी करायचीच आहे तर आधी इंजेक्शन कशाला? प्रश्न रास्त आहे. (अँजिओप्लास्टी म्हणजे बंद रोहिणी फुग्याने उघडणे, बहुधा आत स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवून.) हृदयाच्या रोहिणीत गुठळी अडकली की पुढचा स्नायू मिनिटामिनिटाने मरू लागतो. वेळेत होत असेल तर थेट अँजिओप्लास्टीच सरस. पण निदानापासून १२० मिनिटांत ती होणार नसेल, तर निदानानंतर १० मिनिटांत इंजेक्शन द्यावे, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. इथून कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करण्याची खास खोली, गाठेपर्यंत ती १२० मिनिटे सरतात. स्ट्रेप्टोकायनेज या गुठळी विरघळवणाऱ्या जुन्या औषधाने जीव वाचतात हे इटलीतल्या अकरा हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीने १९८६ मध्येच दाखवले. आता त्याच कामाचे नवे औषध, टेनेक्टेप्लेज, आले आहे. वजनानुसार एकच डोस, शिरेतून एकदाच.

मात्र दोन्ही उपचार एकापाठोपाठ उरकले की झाले, असे नाही. पूर्ण डोस देऊन लगेच सरसकट अँजिओप्लास्टी करण्याची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली; २००६ मध्ये तिचे निष्कर्ष आले, त्यात मृत्यू उलट वाढलेले दिसले. पुढे २०१३ च्या ‘स्ट्रीम’ चाचणीत झटक्याच्या पहिल्या तीन तासांत, पण तासाभरात अँजिओप्लास्टी शक्य नसलेल्या रुग्णांना इंजेक्शन दिले, ते लागू पडले त्यांची अँजिओग्राफी (रंगद्रव सोडून रोहिण्यांची तपासणी) ६ ते २४ तासांत केली, आणि निकाल थेट अँजिओप्लास्टीच्या तोडीचा आला. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका थोडा जास्त दिसला, म्हणून ७५ आणि त्यावरील वयाला डोस निम्मा केला गेला. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना हे इंजेक्शन देतच नाहीत. त्याच चाचणीत इंजेक्शन दिलेल्या ३६ टक्के रुग्णांना तातडीची अँजिओग्राफी लागली. म्हणजे इंजेक्शन दिल्यावर गाडी लगेच निघालीच पाहिजे. ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढायचा आणि सुधारणा नसेल तर थेट कॅथलॅबमध्ये न्यायचे. छातीतली कळ थांबली म्हणून रुग्णाला घरी नेणारे नातेवाईकही आम्ही पाहिले आहेत.

तेव्हा पैसे तिन्हीला लागतात: इंजेक्शन, गाडी, आणि ऐपत नसलेल्याच्या स्टेंटला हातभार.

थोडे मनातले. मागच्या आवाहनाला जो प्रतिसाद मिळाला तो लिहिण्यासारखा नाही. कमानीला, सभागृहाच्या पंख्यांना देणगी येते; इंजेक्शन म्हटले की विचारतात, ‘वापरलेच नाही तर वाया ना?’ मुदत संपून टाकून द्यावे लागले तर त्या काळात झटका कोणाला आला नाही, एवढाच त्याचा अर्थ. साठा मात्र लगेच पुन्हा भरावा लागतो. ज्यांच्या घरचा माणूस याच गाडीतून गेला आणि चालत परत आला, त्यांतले काही आज रस्ता बदलून जातात. असो.

देणगी संस्थेच्या नावे धनादेशाने किंवा कार्यालयात रोख. पावती घ्यावी, ‘हृदयविकार निधी’ असे लिहून घ्यावे, नाहीतर रक्कम सर्वसाधारण खात्यात जाते. औषधे वस्तुरूपात नकोत. रात्रपाळीला आणखी चालक हवेत, परवाना दाखवून नाव द्यावे. खजिनदार संध्याकाळी असतात, नसल्यास कंपाउंडरकडे द्यावे. औषधाची मागणी या महिनाअखेरीस नोंदवायची आहे.

आपला,
कार्यवाह